आकाशातून येणाऱ्या किरणांचा शोधक : व्हिक्टर हेस

आपला तळहात क्षणभर आकाशाकडे करून धरा. काही जाणवणार नाही, काही दिसणारही नाही. तरीही दर सेकंदाला साधारण एक अतिसूक्ष्म कण त्या तळहातातून आरपार निघून जात असतो. छताखाली बसलात तरी जातो, झोपलात तरी जातो. हे कण म्हणजे वैश्विक किरणांचे, म्हणजेच कॉस्मिक किरणांचे, हवेत तयार झालेले वंशज. असे काही किरण पृथ्वीबाहेरून येतात हे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कोणालाही माहीत नव्हते. ते ज्यांनी जिवावर उदार होऊन शोधून काढले, त्या व्हिक्टर फ्रान्झ हेस या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाची ही ओळख.

गणपती ही विद्येची देवता. आपल्या उत्सवात आरत्या, नाटके आणि पाककलेच्या स्पर्धांच्या जोडीने एखाद्या ज्ञानोपासकाचे स्मरण व्हावे, हे औचित्याला धरूनच आहे. शिवाय हेस हे आपल्यासारखेच घर सोडून परमुलखात स्थायिक झालेले गृहस्थ. फरक एवढाच, की आपण नोकरीच्या निमित्ताने आलो आणि त्यांना पंचावन्नाव्या वर्षी, नोबेल पारितोषिक पदरात असताना, देश सोडावा लागला.

बालपण आणि शिक्षण

हेस यांचा जन्म २४ जून १८८३ रोजी ऑस्ट्रियातील स्टायरिया प्रांतात, पेगाऊ गावाजवळच्या वाल्डस्टाइन गढीत झाला. गढी त्यांच्या मालकीची नव्हती. वडील व्हिन्झेन्झ हेस हे तेथील सरदार घराण्याच्या चाकरीत वनाधिकारी होते. शालेय आणि विद्यापीठीय शिक्षण जवळच्याच ग्राझ शहरात झाले. पदार्थविज्ञानात डॉक्टरेट मिळवल्यावर बर्लिनला जाऊन पॉल ड्रूड या नामवंत प्राध्यापकांच्या हाताखाली प्रकाशशास्त्राचा अभ्यास करायचा, असे त्यांनी ठरवले होते. पण ते तेथे पोहोचण्याआधीच, १९०६ साली, ड्रूड यांनी आत्महत्या केली. ठरवलेला रस्ता असा अचानक बंद झाला आणि तरुण हेस व्हिएन्नाला गेले.

व्हिएन्नात तेव्हा किरणोत्सर्गाचे वारे वाहत होते. बेक्वेरल यांनी १८९६ साली युरेनियमचा किरणोत्सर्ग शोधला होता, क्यूरी दांपत्याने १८९८ साली रेडियम शोधले होते. या रेडियमसाठी लागणारे खनिज ऑस्ट्रियाच्याच साम्राज्यातील योआखिमस्टालच्या खाणीतून येई. १९१० साली व्हिएन्नामध्ये रेडियम संशोधन संस्था सुरू झाली आणि हेस तिथे श्टेफान मेयर यांचे सहायक झाले. प्रकाशशास्त्र राहिले बाजूला. पुढचे सारे आयुष्य किरणोत्सर्गाच्या सहवासात गेले.

एक साधा पण चिवट प्रश्न

त्या काळी शास्त्रज्ञांना एक कोडे सतावत होते. विद्युत्दर्शक नावाचे एक साधे उपकरण असते. त्यातल्या सोन्याच्या पातळ पानांना किंवा बारीक तारांना विद्युतभार दिला की त्या एकमेकींपासून दूर होतात. उपकरण कितीही नीट बंद करून ठेवा, काही वेळाने हा भार आपोआप गळून जातो. याचा अर्थ आतल्या हवेचे आयनीकरण होते, म्हणजे हवेतील रेणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि हवा थोडीशी वीजवाहक बनते. हे करते कोण?

बहुतेकांचे उत्तर ठरलेले होते : जमीन. माती आणि खडकांत युरेनियम, थोरियम, रेडियम यांचे अंश असतात, त्यांतून निघणारे गॅमा किरण हे काम करतात. तसे असेल तर जमिनीपासून जसजसे वर जावे तसतसा परिणाम झपाट्याने कमी व्हायला हवा. थिओडोर वुल्फ नावाच्या जेझुइट धर्मगुरूंनी एक उत्तम विद्युतमापक तयार केला आणि १९१० साली तो पॅरिसच्या आयफेल टॉवरवर ३०० मीटर उंचीवर नेला. परिणाम घटला, पण अपेक्षेच्या मानाने फारच कमी. इटलीत डोमेनिको पाचिनी यांनी १९११ साली आपले उपकरण समुद्राच्या पाण्याखाली नेऊन पाहिले, तर तेथे आयनीकरण कमी भरले. म्हणजे सगळे किरण जमिनीतून येत नसावेत, अशी शंका त्यांनी मांडली.

हेस यांचा स्वभाव पायरीपायरीने जाण्याचा. हवेत उडण्याआधी त्यांनी जमिनीवर एक काम उरकले. रेडियमचा प्रभावी नमुना ठेवून त्याचे गॅमा किरण हवेतून जाताना किती अंतरावर किती क्षीण होतात, हे मोजून काढले. त्यातून हिशेब निघाला, की जमिनीतून निघालेले गॅमा किरण ५०० मीटर उंचीवर जवळजवळ संपलेच पाहिजेत. आता त्याच्याही वर जाऊन मोजायचे एवढेच बाकी होते, आणि त्यासाठी एकच वाहन होते : बलून.

बलूनची उड्डाणे

१९११ साली दोन आणि १९१२ साली सात, अशी उड्डाणे हेस यांनी मोजमापासाठी केली. बलूनखाली लटकणारी वेताची टोपली, तीत दोन-तीन माणसे, वाळूच्या पिशव्या आणि उपकरणे. डोळा उपकरणाच्या दुर्बिणीला लावून तारांमधले अंतर वाचायचे, वहीत लिहायचे, पुन्हा वाचायचे. रात्रीचीही उड्डाणे केली, कारण किरण सूर्याकडून येतात का हे पाहायचे होते. १७ एप्रिल १९१२ रोजी सूर्यग्रहण होते. ती संधी साधून हेस यांनी ग्रहणकाळातच उड्डाण केले. चंद्राने सूर्य झाकला तरी आयनीकरण कमी झाले नाही. तेव्हा सूर्य हा मुख्य उगम नव्हे, हे स्पष्ट झाले.

पण ही उड्डाणे पुरेशी उंच जात नव्हती. व्हिएन्नात बलूनमध्ये भरायला मिळणारा वायू म्हणजे दिव्यांसाठीचा कोळशाचा वायू. तो फार उंच नेऊ शकत नसे. उंच जायचे तर हायड्रोजन हवा. तो पेट घेतो, हे सगळ्यांना ठाऊक होते. हायड्रोजनची सोय बोहेमियातील आउसिग या गावी झाली. आज हे गाव चेक प्रजासत्ताकात असून त्याचे नाव ऊस्ती असे आहे.

७ ऑगस्ट १९१२ रोजी सकाळी सव्वासहाच्या सुमारास ‘बोहेमिया’ नावाचा बलून तेथून उडाला. टोपलीत तिघे होते : बलून हाकणारा एक कप्तान, हवेची नोंद ठेवणारा एक निरीक्षक आणि तीन विद्युतमापकांसह हेस. बलून चढत चढत ५,३५० मीटरवर पोहोचला. एव्हरेस्टच्या पायथ्याचा तळही साधारण याच उंचीवर आहे. विरळ हवेत श्वास घ्यायला त्रास होत होता, तरीही वाचन थांबले नाही. दुपारी सव्वाबाराच्या सुमारास, सुमारे १८० किलोमीटर उत्तरेला, बर्लिनजवळच्या पीस्को गावी बलून उतरला.

वहीतले आकडे बोलके होते. सुरुवातीच्या काहीशे मीटरांत आयनीकरण थोडे कमी झाले. तो जमिनीतल्या किरणोत्सर्गाचा वाटा होता, तो मागे पडला. पण सुमारे हजार-दीड हजार मीटरनंतर आकडे उलटे फिरले आणि वाढतच गेले. पाच किलोमीटर उंचीवर ते जमिनीवरच्या दुपटीहून अधिक भरले. याचा सरळ अर्थ एकच होता : फार भेदक असे काही किरण वरून, वातावरणाच्या बाहेरून येत आहेत. त्याच वर्षी हेस यांनी हा निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्यांचे वय तेव्हा २९ वर्षांचे होते.

चोवीस वर्षांची प्रतीक्षा

आज आपल्याला वाटते, की एवढा मोठा शोध लागल्यावर जयजयकार झाला असेल. तसे काही झाले नाही. उंचावरच्या थंडीने उपकरणे बिघडली असतील, असे पुष्कळांना वाटले. जर्मनीच्या वेर्नर कोलहोर्स्टर यांनी १९१४ च्या जूनमध्ये ९,३०० मीटरपर्यंत जाऊन हेस यांच्या निष्कर्षाला दुजोरा दिला. पण लगेच पहिले महायुद्ध पेटले आणि बलून वेगळ्याच कामाला लागले. अमेरिकेचे रॉबर्ट मिलिकन यांना आधी या किरणांविषयी शंका होती. पुढे डोंगरांतील सरोवरांत उपकरणे बुडवून मोजमाप केल्यावर त्यांची खात्री पटली आणि १९२५ साली त्यांनीच ‘कॉस्मिक रे’ हे नाव रूढ केले. अमेरिकेत तर काही काळ हे किरण मिलिकन यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. मूळ शोधकाला याचे वाईट वाटणे स्वाभाविक होते.

हेस मात्र काम करत राहिले. १९२० साली त्यांनी मारी बेर्टा यांच्याशी विवाह केला. १९२१ ते १९२३ या काळात ते अमेरिकेत न्यू जर्सी येथे युनायटेड स्टेट्स रेडियम कॉर्पोरेशनच्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते. घड्याळाचे आकडे अंधारात चमकावेत म्हणून रेडियमचा रंग लावण्याचे काम तेव्हा जोरात होते. तो रंग ब्रश ओठांनी टोकदार करत लावणाऱ्या मुलींचे पुढे काय हाल झाले, हा इतिहास सर्वश्रुत आहे. रेडियमने हेस यांनाही सोडले नाही. वर्षानुवर्षे उघड्या हातांनी ते हाताळल्यामुळे झालेल्या भाजण्याने १९३४ साली त्यांचा अंगठा कापावा लागला. घशावरही शस्त्रक्रिया झाली.

ऑस्ट्रियात परतल्यावर ते ग्राझ येथे आणि १९३१ पासून इन्सब्रुक येथे प्राध्यापक होते. इन्सब्रुकजवळच्या हाफेलेकार पर्वतावर, सुमारे २,३०० मीटर उंचीवर, त्यांनी वैश्विक किरणांच्या नोंदी ठेवणारे केंद्र उभारले. अखेर १९३६ साली, त्या उड्डाणानंतर तब्बल २४ वर्षांनी, त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. निम्मा वाटा कार्ल अँडरसन यांचा होता. वैश्विक किरणांचा अभ्यास करतानाच अँडरसन यांना १९३२ साली पॉझिट्रॉन सापडला होता. म्हणजे एकाच्या शोधातून दुसऱ्याचा शोध जन्मला, आणि दोघांचा सन्मान एकाच मंचावर झाला.

घर सुटले

मानसन्मानाचे हे दिवस दोन वर्षेही टिकले नाहीत. मार्च १९३८ मध्ये हिटलरच्या सैन्याने ऑस्ट्रिया गिळंकृत केला. हेस धर्मनिष्ठ कॅथलिक होते, आधीच्या सरकारचे समर्थक होते आणि त्यांच्या पत्नी ज्यू वंशाच्या होत्या. नव्या राज्यकर्त्यांच्या दृष्टीने हे तीन गुन्हे पुरेसे होते. त्यांना काही काळ अटक झाली, मग ग्राझच्या प्राध्यापकपदावरून काढून टाकण्यात आले. निवृत्तिवेतनही गेले. स्वीडनमधील बँकेत ठेवलेली पारितोषिकाची रक्कम जर्मन सरकारच्या रोख्यांत बदलून द्यावी लागली. पुन्हा अटक होणार अशी सूचना मिळताच पती-पत्नींनी स्वित्झर्लंड गाठले आणि तेथून अमेरिका.

न्यूयॉर्कच्या फोर्डहॅम विद्यापीठाने त्यांना प्राध्यापकपद दिले. १९४४ साली ते अमेरिकेचे नागरिक झाले. नव्या मुलखात, नव्या भाषेत शिकवायचे आणि पुन्हा पहिल्यापासून प्रयोगशाळा मांडायची, हे पंचावन्नाव्या वर्षी सोपे नसते. पण हेस यांनी हातात असलेल्या साधनांनी काम सुरू केले. हिरोशिमानंतर हवेतून काही किरणोत्सर्गी द्रव्य अमेरिकेपर्यंत पोहोचते का, हे पाहण्यासाठी १९४६ साली त्यांनी पॉल लूगर यांच्यासह एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या उंच मजल्यावर मोजमाप केले. मानवी शरीरात साठलेले रेडियम बाहेरून मोजण्याची पद्धतही त्यांनी सहकाऱ्यासोबत विकसित केली. किरणोत्सर्गाचा शरीरावर काय परिणाम होतो हे पुरते कळलेले नसताना अणुचाचण्या करत राहू नये, असे त्यांचे मत होते. ज्याने स्वतःचा अंगठा गमावला, त्याच्या या मताला वजन होते.

विज्ञान आणि श्रद्धा यांत विरोध असलाच पाहिजे असे त्यांना वाटत नसे. १९४६ साली त्यांनी यावर लेखही लिहिला. निसर्गाचा अभ्यास करताना कोणतेही मत पुराव्याशिवाय मानायचे नाही आणि त्याच वेळी ईश्वरापुढे नम्र राहायचे, हे दोन्ही त्यांना जमले होते.

१९५५ साली मारी बेर्टा यांचे कर्करोगाने निधन झाले. त्यांच्या आजारपणात शुश्रूषा करणाऱ्या एलिझाबेथ यांच्याशी हेस यांनी त्याच वर्षी विवाह केला. १७ डिसेंबर १९६४ रोजी, न्यूयॉर्कजवळील माउंट व्हर्नन येथे, वयाच्या ८१ व्या वर्षी त्यांनी जगाचा निरोप घेतला.

येतात खरे, पण कुठून?

हेस यांनी किरण वरून येतात हे दाखवले. पण वरून म्हणजे नेमके कुठून? हा प्रश्न त्यांच्या हयातीत सुटला नाही. अडचण अशी, की हे किरण प्रकाशासारखे नसून विद्युतभारित कण आहेत : सुमारे नव्वद टक्के प्रोटॉन, उरलेल्यांत बहुतांश हेलियमची अणुकेंद्रे आणि थोडी कार्बन, ऑक्सिजन, लोह अशी जड अणुकेंद्रे. आकाशगंगेतील चुंबकीय क्षेत्र त्यांना इतके वळवते, की ते ज्या दिशेने येतात त्या दिशेला त्यांचे घर असतेच असे नाही. भर गर्दीतून ढकलला जाऊन मंडपात शिरलेला माणूस कोणत्या गल्लीतून आला हे त्याच्या तोंडाकडे पाहून कसे सांगणार?

इथे मदतीला आला तोच किरणोत्सर्ग, जो हेस यांना आपल्या हिशेबातून वजा करावा लागला होता. वैश्विक किरणांत काही किरणोत्सर्गी समस्थानिकही असतात. प्रत्येकाचे अर्धायुष्य ठरलेले, म्हणजे ते जणू चालते घड्याळच. समजा नैवेद्याच्या ताटात ४० मोदक ठेवले आणि दर तासाला उरलेल्यांपैकी निम्मे संपत गेले. आपण आलो तेव्हा १० दिसले, तर दोन तास झाले हे कोणी न सांगताही कळते.

पहिले घड्याळ बेरिलियम-१०. कार्बन, ऑक्सिजनची अणुकेंद्रे प्रवासात ताऱ्यांमधल्या विरळ वायूवर आदळून फुटतात तेव्हा ते तयार होते. त्याचे अर्धायुष्य सुमारे १४ लाख वर्षे. सोबत तयार होणारे बेरिलियम-९ मात्र स्थिर असते, त्यामुळे मूळ किती असावे याचा अंदाज येतो. उरलेले मोजल्यावर कळले, की हे किरण आपल्यापर्यंत येण्याआधी आकाशगंगेत सुमारे दीड कोटी वर्षे भटकत असतात.

दुसरे घड्याळ निकेल-५९. हे अणुकेंद्र स्वतःचाच एक इलेक्ट्रॉन गिळून कोबाल्ट-५९ बनते; अर्धायुष्य सुमारे ७६ हजार वर्षे. पण एकदा प्रचंड वेग मिळाला, की सगळे इलेक्ट्रॉन गळून पडतात आणि घड्याळ बंद होते. म्हणजे ताऱ्याच्या स्फोटात जन्मल्या जन्मल्या वेग मिळाला असता, तर निकेल-५९ तसेच शिल्लक दिसले असते. ऑगस्ट १९९७ मध्ये सोडलेल्या ‘एस’ या अमेरिकी यानाने पाहिले, तर ते जवळजवळ सगळे कोबाल्ट झालेले होते. तेव्हा जन्म आणि वेग यांच्यामध्ये निदान एक लाख वर्षे गेली असली पाहिजेत. ज्या स्फोटाने अणुकेंद्र जन्माला घातले, त्याच स्फोटाने त्याला पिटाळले नाही.

तिसरे घड्याळ लोह-६०, अर्धायुष्य सुमारे २६ लाख वर्षे. ते प्रचंड ताऱ्यांत जन्मते आणि अतिनवताऱ्याच्या स्फोटात बाहेर फेकले जाते. त्याच यानाने १७ वर्षे मोजणी केली. साडेतीन लाखांहून अधिक लोहकेंद्रांमध्ये लोह-६० ची सापडली अवघी १५. हा निकाल २०१६ साली प्रसिद्ध झाला. पंधरा हा आकडा लहान वाटेल, पण शून्य आणि पंधरा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एवढी जरी शिल्लक असली, तरी त्यांच्या जन्माला काही दशलक्ष वर्षांपेक्षा फार काळ लोटलेला नाही, आणि उगम सुमारे तीन हजार प्रकाशवर्षांच्या आतला असावा.

दोन्ही पुरावे जोडले तर चित्र जुळते. प्रचंड तारे एकेकटे नसतात, त्यांचे थवे असतात. एक तारा फुटतो, त्याचे द्रव्य पसरते; काही काळाने शेजारचा फुटतो आणि त्याचा धक्का आधीच्या द्रव्याला वेग देतो. आपल्या अंगावर येणाऱ्या किरणांपैकी बरेचसे अशा शेजारपाजारच्या ताऱ्यांच्या वस्तीतून आलेले आहेत, असे आता मानले जाते. सर्वांत जास्त ऊर्जेच्या किरणांचे उगमस्थान मात्र अजून शोधायचे आहे.

आपला धागा

या विषयाशी भारताचा जुना संबंध आहे. डॉ. होमी भाभांनी १९३७ साली हाइटलर यांच्यासह या किरणांचे हवेत वर्षाव कसे होतात याचा सिद्धांत मांडला. त्यांनी स्थापन केलेल्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बर्नार्ड पीटर्स आणि डॉ. देवेंद्र लाल यांनी या किरणांमुळे हवेत तयार होणाऱ्या समस्थानिकांचा पाठपुरावा केला आणि पाऊस, भूजल, सागरतळ यांच्या अभ्यासाला एक नवे साधन दिले. याच संस्थेच्या हैदराबाद केंद्रातून शास्त्रीय बलून आकाशात सोडले जातात. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीचा काळ ज्या कार्बन-१४ वरून ठरला, तो कार्बनही याच किरणांनी हवेत घडवलेला.

नामिबियात २००४ साली उद्घाटन झालेल्या गॅमा किरणांच्या दुर्बिणींच्या आद्याक्षरांतून हेस हेच नाव तयार होते. वेताच्या टोपलीत बसून, वहीत आकडे लिहीत, शंका घेणाऱ्यांशी न भांडता काम करत राहिलेल्या या माणसाचे याहून उचित स्मारक कोणते? ज्ञानाच्या अशा साधकाला आपल्या मंडळातर्फे विनम्र अभिवादन.